डेस्कटॉप ॲप चालत नाही? नेहमीच्या अडचणी, त्यांची कारणं आणि उपाय

आपल्यापैकी बरेच जण प्रोग्रॅमिंग पहिल्यांदा मोबाइलवरच शिकतात. मीसुद्धा खडवली ते कल्याण लोकलमध्ये उभ्याने पायथॉनचे धडे घेतले. पण पुढे कुणीतरी सांगतं, "अरे, आमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरसाठी एखादं सॉफ्टवेअर बनव ना." तिथून डेस्कटॉपची वाट सुरू होते आणि मोबाइलवर कधी न दिसलेल्या एररही तिथेच भेटतात.

माझ्यासाठी ते कुणीतरी म्हणजे माझा मामा. खडवलीत त्याचं किराणा दुकान आहे. चाळीसेक घरांची उधारी एका जाड वहीत. मी त्याला पायथॉनमध्ये उधारीचं ॲप बनवून दिलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "मामा, आता वही बंद." त्याने खरंच बंद केली. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट गेली, जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांत संपली. सकाळी ॲप उघडलं तर नऊ दिवसांची उधारी गायब! त्याचं काय झालं ते खाली चौथ्या मुद्द्यात सांगतो. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक अडचण, तिचं कारण आणि उपाय एका डायरीत लिहायला लागलो. आजचा लेख म्हणजे तीच डायरी, नीट लावून.

फ्रेमवर्क म्हणजे नेमकं काय?

स्क्रीनवरची विंडो, बटण, मेनू, स्क्रोलबार या गोष्टी आपण एकेक रेघ काढून बनवत नाही. त्या तयार मिळतात, आपण फक्त जोडतो. हा तयार साचा म्हणजे फ्रेमवर्क. डेस्कटॉपवर नेहमी भेटणारे साचे असे:

• टिकिंटर: पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. शिकायला सोपं, दिसायला साधं.
• क्यूटी: मूळ सी प्लस प्लसमधलं. पायथॉनमधून वापरायचं तर पायक्यूटी किंवा पायसाइड.
• विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ: मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधले. विनफॉर्म्स २००२ पासून आहे आणि दुकानांच्या, ऑफिसांच्या कॉम्प्युटरवर आजही भरपूर दिसतं.
• जावाएफएक्स: जावासाठी.
• इलेक्ट्रॉन: २०१३ मध्ये गिटहबने ॲटम एडिटरसाठी सुरू केलं. यात आख्खा क्रोमियम ब्राउझर आणि नोड जेएस सोबत असतं, म्हणून वेबसाइट बनवता येणाऱ्याला डेस्कटॉप ॲप बनवता येतं. व्हीएस कोड याच्यावरच बनलंय.

आता मोबाइल आणि डेस्कटॉप यातला मुख्य फरक. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला स्वतःची वेगळी खोली मिळते. त्याचा डेटा कुठे ठेवायचा हे सिस्टीमच ठरवते, परवानग्या सिस्टीम विचारते. विंडोजवर तसं नाही. प्रत्येक कॉम्प्युटर वेगळा, कुठे विंडोज ७ तर कुठे ११, आणि फाइल कुठे ठेवायची ते बऱ्याचदा तुम्हीच ठरवायचं. खालच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे.

१. सगळ्यात आधी: एरर वाचा

हसू नका. आपण लाल अक्षरं दिसली की घाबरून विंडो बंद करतो आणि मग मित्राला मेसेज टाकतो, "भाई, एरर येतोय." कुठला एरर? माहीत नाही!

• पायथॉनची एरर खालून वाचायची. शेवटच्या ओळीत एररचं नाव आणि कारण असतं. त्याच्या वर चढत जा आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल ती ओळ पकडा. बाकीच्या ओळी लायब्ररीच्या आतल्या असतात, तिथे शोधत बसू नका.
• जावाची एरर वरून सुरू होते, पण 'कॉज्ड बाय' असा शब्द आला तर सगळ्यात खालचा 'कॉज्ड बाय' बघा. मूळ कारण तिथे असतं.
• ॲपवर डबल क्लिक केलं, काळी विंडो क्षणभर चमकली आणि गेली? मग डबल क्लिक करू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथून ॲप चालवा. म्हणजे एरर स्क्रीनवर राहील.
• इलेक्ट्रॉनमध्ये नुसती पांढरी विंडो दिसली तर कंट्रोल, शिफ्ट आणि आय एकत्र दाबा. ब्राउझरसारखी डेव्हलपर टूल्स उघडतात, कन्सोलमध्ये कारण लिहिलेलं असतं.

आणि एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. मी सुरुवातीला तीन ठिकाणी बदल करून बघायचो. ॲप सुरू व्हायचं, पण कशामुळे ते कळायचं नाही. पुढच्या वेळी तीच अडचण आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तुमचं ॲप दुसऱ्या कुणाकडे चालणार असेल तर पहिल्या दिवसापासून लॉग फाइल ठेवा. ॲपमध्ये काही बिघडलं की तारीख, वेळ आणि एरर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली गेली पाहिजे. दुकानदार फोनवर "ते बंद पडलं" एवढंच सांगणार. लॉग फाइल व्हॉट्सॲपवर मागवली की खरं काय ते समजतं.

२. माझ्याकडे चालतं, दुसऱ्याकडे चालत नाही

ही सगळ्यात जुनी तक्रार. कारणं साधारण चार.

रनटाइम नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर पायथॉन, जावा किंवा डॉट नेट आधीपासून आहे, समोरच्याकडे नाही. डॉट नेटमध्ये ॲप बाहेर काढताना दोन पर्याय असतात: एक, समोरच्याकडे डॉट नेट आहे असं धरून छोटं ॲप, दुसरा, डॉट नेट सोबत बांधून मोठं ॲप, ज्याला सेल्फ कंटेन्ड म्हणतात. इंटरनेट नीट नसलेल्या ठिकाणी दुसराच पर्याय घ्या. पायथॉनसाठी पायइन्स्टॉलर हेच काम करतो. इलेक्ट्रॉनमध्ये सगळं आधीच सोबत असतं, म्हणून तर साधं ॲपसुद्धा शंभर एमबीच्या पुढे जातं.

डीएलएल नाही. 'व्हीसी रनटाइम १४०' नावाची फाइल सापडत नाही असा मेसेज आला तर घाबरू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाकलं की काम होतं. ती एकटी डीएलएल कुठल्यातरी अनोळखी साइटवरून डाउनलोड करून फोल्डरमध्ये टाकू नका. त्यातून व्हायरस येण्याची पुरेपूर शक्यता.

३२ बिट की ६४ बिट? ६४ बिटचं ॲप ३२ बिटच्या विंडोजवर चालणारच नाही. जुन्या दुकानी कॉम्प्युटरवर ३२ बिट विंडोज अजून सापडतं. पायइन्स्टॉलर तुमच्याकडे जसा पायथॉन आहे तसंच ॲप बनवतो. म्हणजे ३२ बिटचं ॲप हवं तर ३२ बिटचा पायथॉन टाकूनच बनवावं लागेल. तसंच, लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी तो बनवत नाही.

विंडोज जुनं आहे. विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवला, पण कॉम्प्युटर काही थांबले नाहीत. समोर विंडोज ७ असेल तर हे लक्षात ठेवा: पायथॉनची ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, ३.९ पासून पुढची चालत नाही. इलेक्ट्रॉनची २२ ही शेवटची. क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं, तेव्हा क्यूटी ५ वर राहावं लागेल.

म्हणून कोड लिहायच्या आधी समोरच्याच्या कॉम्प्युटरवर जा, सेटिंगमध्ये विंडोजची आवृत्ती आणि बिट बघा, फोटो काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम, दोन दिवस वाचतात.

३. विंडो अडकते, 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं

खडवली स्टेशनवरची तिकीट खिडकी डोळ्यांसमोर आणा. एकच खिडकी, एकच माणूस, समोर रांग. आता खिडकीतला माणूस सुट्टे पैसे आणायला उठून गेला तर? रांग जागच्या जागी उभी. कुणाचंच तिकीट निघत नाही, आणि मागचा माणूस ओरडतो, "चालू आहे की बंद?"

डेस्कटॉप ॲपचा मुख्य थ्रेड असाच असतो. बटण दाबणं, विंडो हलवणं, पुन्हा रंगवणं ही सगळी कामं एकाच रांगेत येतात आणि तो एकेक उरकत जातो. याला इव्हेंट लूप म्हणतात. तुम्ही बटणाच्या फंक्शनमध्ये मोठी फाइल वाचायला किंवा इंटरनेटवरून काही आणायला लागलात की खिडकीतला माणूस उठून गेला समजा. साधारण पाच सेकंद विंडोने उत्तर दिलं नाही की विंडोज तिच्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून टाकतं. अँड्रॉइडवरही 'ॲप प्रतिसाद देत नाही' म्हणून येणारी पाटी याच प्रकारची आहे.

उपाय: वेळखाऊ काम दुसऱ्या थ्रेडवर टाका. पण इथे दुसरा खड्डा आहे. दुसऱ्या थ्रेडमधून विंडोतल्या लेबलला, बटणाला थेट हात लावायचा नाही. लावलात तर कधी चालेल, कधी ॲप अचानक बंद पडेल. विनफॉर्म्स तर सरळ 'क्रॉस थ्रेड ऑपरेशन' चालणार नाही असं सुनावतं. काम दुसऱ्या थ्रेडने करायचं आणि निकाल मुख्य थ्रेडकडे सोपवायचा:

• टिकिंटर: निकाल क्यूमध्ये ठेवा आणि 'आफ्टर' वापरून मुख्य थ्रेडला ठरावीक वेळाने क्यू बघायला लावा.
• क्यूटी: सिग्नल आणि स्लॉट.
• विनफॉर्म्स: 'इन्व्होक'. नवीन कोडमध्ये 'असिंक' आणि 'अवेट' जास्त सोपं.
• जावाएफएक्स: 'प्लॅटफॉर्म रन लेटर'.
• इलेक्ट्रॉन: जड काम मुख्य प्रोसेसमध्ये करू नका, वर्करमध्ये करा आणि मेसेजने निकाल पाठवा.

एक सवय घातक आहे: वाट बघण्यासाठी बटणाच्या फंक्शनमध्ये 'स्लीप' टाकणं. त्याने काम थांबतं तसं आख्खं ॲपही थांबतं.

४. डेटा गायब झाला

आता मामाच्या दुकानाची गोष्ट पुरी करतो. चूक माझी होती, आणि ती कुणाच्याही हातून होऊ शकते.

ॲपचा डेटा मी एसक्यूलाइटमध्ये ठेवला होता. एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये आणला आणि आज तुमच्या हातातल्या फोनमध्येही तो आहे, अँड्रॉइड असो की आयफोन. डेटाबेस अगदी भरवशाचा. मी तो ठेवला चुकीच्या जागी.

पायइन्स्टॉलरमध्ये 'वन फाइल' असा पर्याय असतो. सगळं एकाच एक्झीत, पेन ड्राइव्हवर न्यायला सोपं. मी डेटाबेसची रिकामी फाइलसुद्धा त्यातच बांधली. पण वन फाइल चालतं कसं ते बघा. ॲप सुरू झालं की आतलं सगळं सामान विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडलं जातं आणि तिथून चालतं. ॲप नीट बंद केलं की तो फोल्डर पुसला जातो. म्हणजे मामाची प्रत्येक नोंद त्या तात्पुरत्या फोल्डरातल्या फाइलमध्ये जात होती!

मग नऊ दिवस कळलं कसं नाही? कारण मामा ॲप कधी बंदच करायचा नाही. रात्री लॅपटॉपचं झाकण लावायचं, सकाळी उघडायचं, ॲप तिथेच. लाइट गेली, बॅटरी संपली, सकाळी ॲप नव्याने सुरू झालं, तेव्हा त्याने एक्झीतली मूळ रिकामी फाइल पुन्हा उलगडली. यादी कोरी.

मामाचा फोन आला तेव्हा मी टिटवाळ्याच्या पुढे होतो. तो काही रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अरे, लोकांना काय सांगू? किती बाकी आहे ते तुम्हीच सांगा, असं म्हणू?" मी म्हटलं, "मामा, लॅपटॉपला काही करू नका. साफसफाईचं कुठलं ॲप चालवू नका. मी येतोय."

आणि इथेच नशीब आडवं आलं. ॲप नीट बंद झालं असतं तर फोल्डर पुसला गेला असता. पण लाइट गेल्याने ॲप अर्धवट मेलं, त्याला पुसायची संधीच मिळाली नाही. टेम्प फोल्डर उघडला तर दोन फोल्डर दिसले, दोन्हींची नावं अंडरस्कोर आणि एमईआय या अक्षरांनी सुरू होणारी, पुढे आकडे. एक त्या सकाळचा, एक नऊ दिवसांपूर्वीचा. जुन्यात डेटाबेस होता आणि त्यात शेवटच्या चहापावडरपर्यंतची उधारी होती. ज्या लाइटला मामा शिव्या घालत होता तिनेच वही वाचवली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर:

• ॲप पुन्हा पुन्हा उघडू नका, डिस्क क्लीनअप चालवू नका. विंडोजचं स्टोरेज सेन्ससुद्धा टेम्पमधल्या फाइल पुसू शकतं.
• विंडोज की आणि आर दाबा, टक्क्याच्या दोन चिन्हांच्या मध्ये टेम्प लिहा आणि एंटर करा. टेम्प फोल्डर उघडेल. तारखेनुसार लावा.
• सापडलेला फोल्डर आख्खा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मूळ फोल्डरमध्ये काही करू नका, जे काही उघडायचं ते कॉपीतून उघडा.

आणि अशी वेळ येऊच नये म्हणून:

• वाचायच्या फाइल (आयकॉन, फॉन्ट) एक्झीत बांधा, लिहायच्या फाइल कधीच नाही.
• डेटा युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवा. क्यूटीमध्ये 'स्टँडर्ड पाथ्स', इलेक्ट्रॉनमध्ये 'युजर डेटा', डॉट नेटमध्ये 'स्पेशल फोल्डर' हे योग्य जागा आपोआप सांगतात.
• प्रोग्रॅम फाइल्समध्ये डेटा ठेवू नका. तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, 'परमिशन एरर' येणार.
• पायथॉनमध्ये नोंद टाकल्यावर 'कमिट' करायला विसरू नका. कमिट न करता ॲप बंद झालं तर नोंद जाते. 'डेटाबेस इज लॉक्ड' आलं तर बहुतेक दोन ठिकाणांहून एकाच वेळी लिहिणं चाललंय, किंवा आधीचं काम कमिट न करता उघडं राहिलंय.
• रोज एक बॅकअप. ॲप चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, अर्धवट कॉपी होऊ शकते. एसक्यूलाइटचं स्वतःचं बॅकअप फंक्शन आहे, पायथॉन ३.७ पासून ते थेट मिळतं.
• देण्याआधी स्वतः तपासा: नोंद टाका, ॲप बंद करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, ॲप उघडा. नोंद दिसली पाहिजे. ही एक चाचणी मी केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

५. मराठी नीट दिसत नाही

इंग्रजी लेखांमध्ये हा भाग सापडत नाही आणि आपल्याला तर रोज लागतो. आधी काय दिसतंय ते नीट बघा, कारण प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं आहे.

चौकोन दिसतात: अक्षरं बरोबर आहेत, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोज ८ पासून निर्मला यूआय असतो, त्याआधी मंगल असायचा. ॲपमध्ये फॉन्टचं नाव स्पष्ट लिहा, किंवा नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्तासारखा मोफत फॉन्ट सोबत द्या.

प्रश्नचिन्हं दिसतात: हे जास्त गंभीर. लिहिताना कुठेतरी मराठी न समजणारं एन्कोडिंग वापरलं गेलं आणि अक्षरं हरवली. फॉन्ट बदलून ती परत येणार नाहीत.

अनोळखी युरोपीय अक्षरांची रांग दिसते: डेटा बहुधा शाबूत आहे, वाचताना चुकीचं एन्कोडिंग लागलंय. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून वाचले की ही रांग तयार होते. विंडोजवर पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं दर वेळी लिहा. नाही लिहिलं तर विंडोजचं जुनं कोड पेज धरलं जातं आणि 'चारमॅप' नावाची कुप्रसिद्ध एरर येते. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर यूटीएफ-८ सिग हा प्रकार वापरा, म्हणजे एक्सेलला मराठी ओळखू येते.

जुन्या फाइलमधलं मराठी इंग्रजी अक्षरांसारखं दिसतं: ती फाइल युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमधली असू शकते, कृतिदेवसारख्या. तिथे खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मग ॲपमध्ये घ्या.

वेलांटी भलत्या जागी, जोडाक्षरं सुटी: फ्रेमवर्क अक्षरं जुळवत नाहीये. लिनक्सवर टिकिंटरच्या ८.६ मध्ये हे दिसतं. क्यूटी किंवा इलेक्ट्रॉनमध्ये ही अडचण नाही.

आता एक खास मराठी खड्डा. मामाच्या ॲपमध्ये बऱ्हाटे आडनावाच्या एकाच घराची दोन खाती तयार झाली. निम्मी उधारी एकात, निम्मी दुसऱ्यात. स्क्रीनवर दोन्ही आडनावं हुबेहूब सारखी! कारण 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलं, दुसऱ्याने साधा 'र', हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. आपल्या डोळ्यांना एक, कॉम्प्युटरला दोन. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केल्याने काही फरक मिटतात, पण हा मिटत नाही. साठवण्याआधी न दिसणाऱ्या चिन्हाचं रूप शोधून 'ऱ' मध्ये बदलावं लागतं. 'ॲ' चंही तसंच: एक अखंड 'ॲ', दुसरा 'अ' वर चंद्र देऊन केलेला. दोन्ही नॉर्मलायझेशनलाही वेगळेच वाटतात.

आणखी तीन गोष्टी:

• 'क्षमा' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा, पायथॉनला पाच चिन्हांचा. त्यामुळे बिलावर नाव बसवायला 'पहिली दहा' कापली तर काना-मात्रा मध्येच तुटते.
• युजरने १२५ असा देवनागरी आकडा टाकला तर पायथॉन तो बिनतक्रार आकडा म्हणून घेतो, पण जावास्क्रिप्ट घेत नाही आणि सी शार्पही घेत नाही. तिथे आधी आकडे बदलून घ्या.
• बिलाच्या बऱ्याच छोट्या थर्मल प्रिंटरना मराठी मजकूर थेट पाठवला तर कचरा छापतात. मजकुराचं चित्र करून पाठवा, छान छापतात.

६. सगळं धूसर दिसतं

नव्या लॅपटॉपवर स्क्रीनचं स्केल १२५ किंवा १५० टक्के असतं. ॲपने 'मला हे समजतं' असं विंडोजला सांगितलं नाही तर विंडोज ॲपचं चित्र ताणून मोठं करतं, म्हणून अक्षरं पुसट. टिकिंटरमध्ये सुरुवातीलाच डीपीआय अवेअरनेसची एक ओळ लिहावी लागते. विनफॉर्म्समध्ये हाय डीपीआय मोडची सेटिंग आहे. क्यूटी ६ आणि इलेक्ट्रॉन हे स्वतःच सांभाळतात.

७. अँटिव्हायरस ॲप उडवतो

तुम्ही बनवलेली एक्झी कुणाच्या ओळखीची नाही, तिच्यावर डिजिटल सही नाही. विंडोज निळी पाटी दाखवून अडवतं. वन फाइल ॲप तर स्वतःला टेम्पमध्ये उलगडून चालतं, आणि व्हायरसही तेच करतात, म्हणून संशय जास्त. वन फाइलऐवजी फोल्डरवाला पर्याय वापरला तर त्रास बराच कमी होतो. ॲप मोठ्या प्रमाणावर द्यायचं असेल तर कोड सायनिंग सर्टिफिकेट घ्या. पण कृपा करून कुणाला "अँटिव्हायरस बंद करा" असं सांगू नका. तुमच्या ॲपसाठी उघडलेल्या दारातून दुसरंच कुणी आत यायचं.

८. नावानिशी ओळखीच्या एरर

• पायथॉन, 'मॉड्यूल नॉट फाउंड': बहुतेक कॉम्प्युटरवर दोन पायथॉन आहेत, लायब्ररी एकात टाकली आणि ॲप दुसऱ्यात चालतंय. प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा.
• क्यूटी, 'प्लॅटफॉर्म प्लगइन विंडोज सुरू करता आला नाही': ॲपसोबत प्लॅटफॉर्म्स नावाचा फोल्डर आणि त्यातली डीएलएल गेलेली नाही. सी प्लस प्लसमध्ये विन डिप्लॉय क्यूटी हे टूल सगळं गोळा करून देतं.
• जावाएफएक्स, 'रनटाइम कंपोनंट्स आर मिसिंग': जावा ११ पासून जावाएफएक्स जेडीकेमधून वेगळं झालं. ते वेगळं डाउनलोड करून मॉड्यूल पाथ द्यावा लागतो. यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ जावा ८ चा असेल तर त्यात ही पायरी नसणारच.
• इलेक्ट्रॉन, 'रिक्वायर इज नॉट डिफाइन्ड': पेजमधून थेट नोड वापरणं आवृत्ती ५ पासून सुरक्षेसाठी बंद आहे, आणि १२ पासून कॉन्टेक्स्ट आयसोलेशनही आपोआप चालू असतं. जुने सल्ले वाचून ही सुरक्षा काढू नका. प्रीलोड फाइल आणि कॉन्टेक्स्ट ब्रिज वापरा.
• इलेक्ट्रॉन, पॅक केल्यावर पांढरी विंडो: बनवताना पेज लोकल सर्व्हरवरून येत होतं, आता फाइलवरून यायला हवं. पाथ तपासा.

शेवटी एवढंच

मामाने आता ॲपही ठेवलंय आणि वहीसुद्धा पुन्हा सुरू केलीय. दर रविवारी मी दोन्ही जुळवून बघतो. आधी मला वहीचा राग यायचा, वाटायचं की मामाचा माझ्यावर भरवसा नाही. आता वाटतं, भरवसा आहे म्हणूनच तर त्याने ॲप काढून टाकलं नाही. चाळीस घरांचा हिशेब आपल्या कोडवर उभा असेल तर "माझ्याकडे तर चालतं" हे उत्तर पुरत नाही.

तेव्हा ॲप बनवा, बिनधास्त बनवा. पण द्यायच्या आधी एकदा समोरच्याच्या कॉम्प्युटरवर बसा, नोंद टाका, चक्क प्लग काढा आणि ॲप पुन्हा उघडून बघा. नोंद जागेवर दिसली तरच समोरच्याला सांगा, "आता वापरा."